रकाना नसलेला किनारा

आमच्या बेटावरच्या हिलो गावातल्या माणसाला समुद्रकाठी तंबू ठोकून तीन रात्री राहायचं असेल, तर त्याने विचार करू नये. ताडपत्री, शेगडी, बर्फाची पेटी आणि तांदळाची पिशवी ट्रकमध्ये टाकावी आणि दर वर्षी जातो तिथे जावं. तिथे पोचल्यावर घरापासून अकरा मैलांवर घरातलंच सगळं सामान मांडावं, घरातलाच भात खावा, आणि सोमवारी परत येऊन ‘काय मस्त बदल झाला’ असं शेजाऱ्यांना सांगावं. शेजारीही बरोबरच असतात, ही गोष्ट वेगळी.

वेंडेल कुरिसुने मात्र जागा निवडायला घेतली. तिथेच सगळं फिसकटलं, असं त्याची बायको शार्लीन म्हणते, आणि शार्लीन जे म्हणते ते वेंडेल निदान तोंडावर तरी खोडत नाही.

आता निवडायला घेतली म्हणजे कशी, तर वही काढून. वेंडेल एकोणतीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होता. निवृत्त झाल्यावर माणसाची सवय निवृत्त होत नाही. त्याच्या स्वयंपाकघरात सोया सॉसच्या बाटलीवर उघडल्याची तारीख असते. एकदा शाळेतलं पुस्तक त्याच्याच घरी चार दिवस जास्त राहिलं, तेव्हा त्याने स्वतःच्या नावे आठवणपत्र लिहून स्वतःच्याच टेबलावर ठेवलं होतं, आणि ते वाचून तो ओशाळला होता. अशा माणसाने वहीत पाच किनाऱ्यांची नावं लिहिली आणि पुढे रकाने आखले: वारा, सावली, संडास, पाणी, पाऊस. पावसाचा रकाना निरर्थक होता, कारण आमच्या बाजूला पाऊस सगळीकडेच पडतो. तरी त्याने तो आखला, आणि पाचही ठिकाणी सुवाच्य अक्षरात ‘आहे’ असं लिहिलं.

हे सगळं सुरू झालं वर्नाच्या फोनने. वर्ना ही वेंडेलची थोरली बहीण. नवरा क्लाइडसोबत समुद्रापलीकडे, नेवाडा राज्यात, लास व्हेगसला असते. अर्धं हिलो तिकडेच गेलंय. इथली भाडी परवडेनात, तिथे काम मिळतं, त्यात नवीन काही नाही. फोनवर ती म्हणाली, “सप्टेंबरात कामगार दिनाला जोडून आलेल्या सुटीला येतेय. क्लाइडला रजा नाही, एकटीच येईन. तुझ्या घरी नाही राहायची हं मी. तंबूत राहू सगळे, पूर्वीसारखे. जागा तू बघ.”

‘तुझ्या घरी नाही’ हे तिने सहज म्हटलं की जाणूनबुजून, यावर वेंडेलने पुढचे दोन दिवस घालवले. कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी वर्ना पहिल्यांदाच आणि शेवटचं त्याच्या घरी राहायला आली होती. वीस माणसं जेवायला होती. सगळ्यांसमोर वेंडेल बायकोला म्हणाला, “अगं, आधी ताईला वाढ. ती आता पाहुणी आहे.” वर्नाने हातातली ताटली खाली ठेवली. दोन दिवस आधीच ती निघून गेली, आणि त्यानंतर नऊ वर्षं दोघांत नव्या वर्षाचा फोन, वाढदिवसाचा फोन, आणि पाऊस कसा आहे एवढंच उरलं. आपण ते प्रेमाने म्हणालो होतो, हे वेंडेलने स्वतःला इतक्यांदा समजावलं होतं की आता त्याचं त्यालाच ते खरं वाटेनासं झालं होतं. या वेळी ताईला कुठेही, कशानेही, आपण परके झालो असं वाटता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. वही वगैरे नंतरचं.

पहिला सल्ला कुंपणापलीकडून आला. पुआ मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळेच्या भटारखान्यात आयुष्य गेलेलं, आवाज अजून तीनशे मुलांना पुरेल असा.

“पुउकोआला जाऊ नकोस,” ती म्हणाली. “तिथे वारा इतका की माणूस हिलोत झोपतो आणि माउई बेटावर उठतो.”

“मग होनोकला?”

“होनोकला चांगलं. हिरवळ आहे, नळ आहे. फक्त त्या खडकाकडच्या कोपऱ्यात तंबू नको. रात्री पूर्वज त्या वाटेने जातात. त्यांना वाटेत माणसं आडवी पडलेली आवडत नाहीत.” मग तिने जरा विचार केला. “मलाही नसती आवडली. बरं, आपण किती जण?”

इथे वेंडेलच्या लक्षात यायला हवं होतं. आमच्याकडे एखाद्याला ‘कुठे जाऊ’ असं विचारलं, की त्याला बोलावलं असाच अर्थ होतो. तो न आला तर उलट त्याला काय झालं म्हणून लोक चौकशीला जातात. वेंडेल एकसष्ट वर्षं याच गावात राहिलेला, पण वही हातात आली की त्याला माणसं दिसत नाहीत. त्याने आठ दिवसांत सल्ल्यासाठी पाच घरं गाठली, आणि दोन तंबूंचा बेत तेवीस माणसांचा झाला. त्यात पुआ मावशीचे जावई होते, त्यांचे भाऊ होते, आणि बर्फाच्या सहा पेट्या होत्या.

मेल्विन सूझा हा वेंडेलचा बालमित्र. नळदुरुस्तीचा धंदा होता. आता ट्रक आहे आणि मतं आहेत. त्याने वही चाळली आणि परत दिली. “संडासाच्या रकान्यात नुसतं ‘आहे’ लिहून चालत नाही,” तो म्हणाला. “नळदुरुस्तीवाल्याला विचार. होनोकलाचे संडास मी स्वतः बसवलेत. तिथेच जा, आणि माझं नाव घे.”

ते नाव कोणापुढे घ्यायचं, हे त्याने सांगितलं नाही. पण सगळ्यांचं एकमत झालं होतं, वारा-सावली-पाणी सगळं जुळत होतं, आणि वेंडेलने समाधानाने परवान्याचा अर्ज उघडला. तेवीस नावं लिहायची होती. प्रत्येक नावापुढे पत्ता, आणि पत्त्यापुढे एक रकाना: ‘रहिवासी की बाहेरचे’. प्रत्येकासमोर खूण करणे आवश्यक.

वेंडेलने बावीस नावांपुढे भराभर ‘रहिवासी’वर खुणा केल्या. तेविसावं नाव वर्नाचं. तिचा पत्ता नेवाडाचा, गाडी चालवायचा परवाना नेवाडाचा, मतदान नेवाडाचं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. बाहेरच्यांना शुल्क जास्त असतं, पण त्याचं त्याला काही नव्हतं, तो दुप्पट-चौपट आनंदाने भरला असता. त्याच्या डोळ्यांपुढे तो कागद येत होता. नियमाप्रमाणे परवाना तंबूला बाहेरून लावावा लागतो, प्लास्टिकच्या पिशवीत, सर्वांना दिसेल असा. तीन दिवस येता-जाता ताई तो वाचणार: बावीस जण आतले, आणि एक बाहेरची. ‘पाहुणी’ शब्दाला नऊ वर्षं लागली होती. ‘बाहेरची’ला किती लागतील, आणि तेवढी आपल्या दोघांच्या हातात आहेत का, असा विचार एकसष्टाव्या वर्षी माणसाच्या मनात येतोच.

त्याने अर्ज मिटला. वहीत शेवटी एक नवा रकाना आखला आणि त्याला नाव दिलं ‘रकाना’. जिथे हा रकाना नाही, असा किनारा शोधायचा. हे त्याने कोणालाही सांगितलं नाही, त्यामुळे पुढचे तीन आठवडे लोक बिचारे वाऱ्यावर आणि डासांवर बोलत राहिले आणि वेंडेल मान हलवत राहिला.

राज्याच्या उद्यानात चौकशी केली. तिथे रकाना तर होताच, शिवाय गाडीच्या परवान्याचा क्रमांक आणि छायाचित्र. मेल्विनच्या चर्चचं समुद्रकाठी शिबिराचं मैदान होतं, छान नारळाची झाडं होती, आणि अर्जात रहिवाशांचा काही प्रश्नच नव्हता. वेंडेलचा चेहरा उजळला. मग त्याने पान उलटलं. मागे लिहिलं होतं: ‘सभासद की पाहुणे’. पाद्रीबाबा प्रेमळ गृहस्थ. ते म्हणाले, “तुम्ही लिहा पाहुणे. त्यात काय वाईट? ख्रिस्ताच्या घरी आपण सगळे पाहुणेच.” वेंडेल म्हणाला, “ते मला मान्य आहे, पण कागदावर नको.” पाद्रीबाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मेल्विनला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या मित्राचं घरी सगळं ठीक आहे ना.

“तुला हवंय तरी काय?” बाहेर आल्यावर मेल्विनने विचारलं.

“जिथे अर्जच नाही अशी जागा.”

मेल्विनने ट्रकच्या टपावर बोटं वाजवली. “आधी बोलायचं ना. माझ्या मावसभावाची जमीन आहे उत्तरेला, जुन्या उसाच्या मळ्यात, खाली थेट समुद्र. अर्ज नाही, शुल्क नाही, फाटक नाही, काही नाही.”

“संडास?”

“म्हटलं ना, काही नाही.”

रविवारी तिघे जागा बघायला गेले. शार्लीन आली ती केवळ नवऱ्यावर नजर ठेवायला. डांबरी रस्ता संपला, मग खडीचा संपला, मग जे लागलं त्याला मेल्विन रस्ता म्हणत होता. दुतर्फा डोक्याइतकं उंच गवत. पाव मैल गेल्यावर ट्रकने एक उसासा टाकला आणि मागचं चाक चिखलात बसलं. मेल्विन स्टिअरिंगवर बसला, कारण ट्रक त्याचा. ढकलायला वेंडेल उतरला, कारण कल्पना त्याची. पहिल्याच जोराला त्याचा उजवा पाय चिखलातून वर आला आणि चप्पल खाली राहिली. ती काढायला वाकला, तर डावीही गेली. आमच्याकडे चपलेवाचून चालणं ही काही नामुष्की नाही, पण निवृत्त ग्रंथपालाने चिखलात कोपरापर्यंत हात घालून चपला शोधत असताना बायकोने वरून “मिळाली का?” असं दर मिनिटाला विचारू नये.

तेवढ्यात गवतातून एक रानडुकरीण आली. मागे सहा पिल्लं. ती काही रागावलेली नव्हती. तिने वेंडेलकडे पाहिलं, आणि हा काही महत्त्वाचा प्राणी नाही अशी खात्री करून घेतली. तरी वेंडेल अनवाणी ट्रकच्या टपावर चढला. एकसष्टाव्या वर्षी आपण इतक्या चपळाईने चढू शकतो हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते कळण्याचा आनंद त्याला त्या वेळी घेता आला नाही. डुकरिणीने ट्रकच्या उघड्या मागच्या फळीवर पुढचे पाय टेकले, शार्लीनने पहाटे उठून केलेल्या मुसुबींचा डबा खाली ओढला, आणि सहकुटुंब जेवायला बसली. भात, वरचा तळलेला मांसाचा काप, भोवतीची शेवाळाची पट्टी, सगळं संपलं. आभाळ भरून आलं होतं म्हणून कोकी बेडकांना संध्याकाळ झाली असं वाटलं, आणि भर दुपारी हजारभर बेडूक एकदम ओरडायला लागले. कोणाला कोणाचं ऐकू येईना. त्या अवस्थेत ते दीड तास होते.

शेवटी मावसभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने टपावरच्या वेंडेलला नीट न्याहाळलं. “तंबू? इथे?” तो म्हणाला. “अहो, इथे मीसुद्धा राहत नाही. मी हिलोत राहतो.”

परतताना शार्लीनने खिडकीची काच वर केली. हे लक्षण चांगलं नव्हतं. मग ती म्हणाली, “आता एकदाच सांग. होनोकलात नेमकं काय वाईट आहे?”

वेंडेलने सांगितलं. रकान्याचं सांगितलं, त्या दिवशीच्या ताटलीचंही सांगितलं, जे शार्लीनला माहीत होतंच. मेल्विन समोर बघत ट्रक चालवत होता, आणि एरवी ज्याचं प्रत्येक गोष्टीवर मत असतं त्याने या गोष्टीवर काहीच मत दिलं नाही.

“मग तिलाच फोन करून विचार की,” शार्लीन म्हणाली.

“काय विचारू? ‘ताई, तुला बाहेरची लिहू का’ असं?”

“नऊ वर्षं बहिणीशी पावसावर बोललास, त्यापेक्षा तेही बरं.” पण तिने आवाज खाली आणला होता, आणि चिखलाने भरलेला त्याचा हात तिने आपल्या रुमालाने पुसायला घेतला. रुमाल चांगला होता.

सुटी बारा दिवसांवर आली. होनोकलाच्या परवान्याच्या संकेतस्थळावर ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ एवढंच दिसत होतं, आणि हा थोडा वेळ तीन दिवस चालला होता. वेंडेल कचेरीत जाऊन उभा राहिला. खिडकीत बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कुरिसु सर? मी शेरिलिन. शेरिलिन आकाना. सहावीत तुम्ही मला ग्रंथालयाबाहेर उभं केलं होतं.”

वेंडेलला आठवलं. हिने पुस्तकाच्या कार्डावर मैत्रिणीचं नाव लिहून पुस्तक नेलं होतं, आणि वेंडेलने तिला कागदावरच्या सत्याविषयी वीस मिनिटं ऐकवलं होतं. ते भाषण चांगलं झालं होतं. त्याचं त्यालाच ते आवडलं होतं.

“शेरिलिन, समजा एखादं माणूस हिलोत जन्मलं, इथे वाढलं, आई-बाप इथल्या मातीत आहेत. ते माणूस रहिवासीच ना?”

“पत्ता कुठला, सर?”

“तात्पुरता नेवाडाचा.”

“किती वर्षं तात्पुरता?”

“बावीस.”

शेरिलिनने पेन खाली ठेवलं. “सर, माझे दोन्ही भाऊ तिकडेच आहेत. तुम्हाला काय लिहायचंय ते मला कळतं. पण अर्ज जीव कुठे अडकलाय ते विचारत नाही, झोपता कुठे ते विचारतो.”

मागे रांगेतून कोणीतरी घसा खाकरला. वेंडेलने अर्ज घेतला, बाजूच्या टेबलाशी गेला, वर्नाच्या नावापुढे आपल्या घराचा पत्ता लिहिला आणि ‘रहिवासी’वर खूण केली. खूण वाकडी आली. खिडकीत परत दिल्यावर शेरिलिनने विचारलं, “सगळं बरोबर आहे ना, सर?” आणि तिने ‘सर’ म्हटल्यामुळे त्याचं ‘हो’ इतकं बारीक निघालं की तिला ते पुन्हा विचारावं लागलं.

पुआ मावशी बुधवारपासून होनोकलाला जाऊन बसली होती. परवान्यावर जागेचा क्रमांक छापलेला असतो, तरी आमच्यात आधी जाऊन जागा धरावीच लागते, नाही तर माणसाला झोप येत नाही. सकाळी जावई तिला खुर्चीत बसवून यायचे आणि दिवस मावळला की परत आणायचे. शुक्रवारी दुपारी वर्ना आली तेव्हा हिरवळीवर निळ्या ताडपत्र्यांचं गाव उभं होतं, चपलांचा ढीग पडला होता, आणि दोन मुंगसं बर्फाच्या पेट्यांची पाहणी करत होती. वर्ना चाकांची बॅग गवतातून ओढत आली. केस पूर्ण पांढरे झाले होते. वेंडेलने नऊ वर्षांत घोकलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. तो म्हणाला, “पाऊस येईल असं वाटतंय.”

“येईलच,” वर्ना म्हणाली आणि सरळ पुआ मावशीच्या मिठीत गेली.

मग वेंडेलने तिला पाहुणी न वागवण्याचा निश्चय अमलात आणला. तिला शेवटी वाढलं. बसायला मोडकी खुर्ची दिली. तिने बर्फाची पेटी उचलली तेव्हा मुद्दाम हात लावला नाही, आणि पुआ मावशीने त्याला सर्वांसमोर विचारलं की तुझे हात घरी राहिले का. परवाना त्याने तंबूला लावला होता, पण पिशवीतल्या कागदाची छापील बाजू आत करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला कोरा कागद दिसत होता. दोन दिवस पाऊस पडला, सगळे ताडपत्रीखाली बसले, कच्च्या माशाचं पोके खाल्लं, जुन्या मास्तरांच्या नकला केल्या. वर्ना सर्वांत मोठ्याने हसत होती. वेंडेल हसता हसता रस्त्याकडे बघत होता.

रविवारी सकाळी रस्त्यावरून पांढरी गाडी आली. कचेरीत माणसं कमी, म्हणून सुटीच्या दिवशीची तपासणीही शेरिलिनच करते, हे वेंडेलला ती गाडीतून उतरल्यावर कळलं.

“सर, परवाना उलटा लागलाय.”

“मुसुबी घे,” वेंडेल म्हणाला. “पोके घे. बस ना जरा. कॉफी करतो.”

शेरिलिनने मुसुबी घेतली, कारण आमच्याकडे दिलेलं खाणं नाकारत नाहीत, मग ते सरकारी काम का असेना. खात खात तिने परवाना उलटवला, नावं वाचली, आणि बोट तेविसाव्या नावावर थांबलं. “वर्ना या कोण?”

“मी,” वर्ना म्हणाली आणि पर्समधून नेवाडाचा गाडीचा परवाना काढून तिच्या हातात दिला. “काही चुकलंय का?”

ताडपत्रीखाली सगळ्यांचे हात ताटलीत थांबले. बावीस माणसं खाता खाता थांबणं ही त्या किनाऱ्यावर नवीन गोष्ट होती. शेरिलिनने एकदा परवान्याकडे पाहिलं, एकदा आपल्या जुन्या ग्रंथपालाकडे. ती त्याला सहज ऐकवू शकली असती, आणि तिचा तो हक्कच होता. तिने खिशातून पेन काढलं. “खूण चुकीच्या रकान्यात पडलीय,” ती हळूच म्हणाली. “पावसात दिसलं नसेल. दुरुस्त करून सही करा, सर. शुल्काचा फरक मंगळवारी कचेरीत भरा.”

वेंडेलने पेन घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला. तसाच बसून राहिला.

“लिही ना,” वर्ना म्हणाली.

“मला नाही लिहवत, ताई.”

“काय नाही लिहवत?”

“तुझ्यापुढे ‘बाहेरची’.”

तेव्हा शार्लीनने सांगून टाकलं. रकाना नसलेला किनारा, पाद्रीबाबा, चिखल, डुकरीण, टप, सगळं. वर्ना ऐकत होती. डुकरिणीपाशी पोचल्यावर तिचे खांदे हलायला लागले. तिने वेंडेलच्या हातातून पेन घेतलं, योग्य रकान्यात खूण केली आणि त्याला सही करायला लावली. शेरिलिन आणखी एक मुसुबी कागदात गुंडाळून घेऊन गेली.

“वेड्या,” वर्ना म्हणाली, “मी राहते तिथे. माझा दातांचा डॉक्टर तिथे, नवरा तिथे. कागदाने बाहेरची म्हटलं तर म्हणू दे.”

“पण मी पाहुणी म्हणालो होतो. तेव्हा तू ताटली खाली ठेवलीस.”

“ठेवली. लागलं मला.” तिने जेवणाचा तांदूळ पातेल्यात घेतला आणि नळाखाली धुवायला बसली. “विमानात बसेपर्यंत लागत होतं. नंतर गेलं.”

“मग नऊ वर्षं?”

वर्नाने पहिलं पाणी ओतलं. दुसरं घेतलं. “मी तुझ्याकडे पाहुणी झाले, वेंडेल. तू माझ्याकडे कधी झालास?” तिचा आवाज चढला नव्हता. “मेल्विन तीनदा येऊन जेवून गेला. पुआ मावशी आली, ते दुखरे गुडघे घेऊन. हिलोतून दर आठवड्याला विमानं भरून माणसं येतात, माझ्या दारात चपला काढतात. मागची खोली तुझी म्हणून ठेवलीय. उजेडात तुला झोप येत नाही, म्हणून क्लाइडने तिथे जाड पडदे लावले, पहिल्याच वर्षी. त्या पडद्यांआड मेल्विन घोरतो.”

वेंडेलने मेल्विनकडे पाहिलं. मेल्विन शेगडीचा नळ तपासत होता, ज्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. “सांगणार होतो,” तो म्हणाला. “पण मग पडद्यांचंही सांगावं लागलं असतं.”

“तू बोलावलं नाहीस,” वेंडेल बहिणीला म्हणाला, आणि म्हणतानाच ते त्याला कसंतरी वाटलं.

“बहिणीकडे यायला बोलावणं लागतं?”

तीन आठवडे तो एक शब्द टाळण्यासाठी बेटभर हिंडला होता. आणि नऊ वर्षं, जिथे नुसतं जाऊन उभं राहायचं होतं तिथे गेला नव्हता. ताई रागावलीय असं त्याने घरी बसून ठरवलं होतं, आणि तो राग आपणच जपून ठेवला होता. त्याला फार लाज वाटली. इतक्या माणसांसमोर डोळे भरून आले याचीही वाटली, पण कमी. पुआ मावशीने त्याच्याकडे पाठ करून जावयांना मोठ्याने कामं सांगायला सुरुवात केली.

“नोव्हेंबरात येऊ का?” त्याने विचारलं.

वर्ना तांदूळ धूत राहिली.

“नोव्हेंबरात येतोय,” वेंडेल म्हणाला. “दोघं. दहा दिवस.”

“पंधरा,” शार्लीन म्हणाली.

“बरं,” वर्ना म्हणाली. तिने पातेलं त्याच्या हातात दिलं आणि ओले हात आपल्या कपड्याला पुसले. “ठेव शेगडीवर. आणि पाणी बघ, जास्त झालंय का.”

वेंडेलने तांदळावर बोट टेकवून पाणी पाहिलं. बरोबर होतं.